उणे १९६ अंशांवरचा वळू

संध्याकाळच्या धारा आटोपत आलेल्या असतात. मोटरसायकल गोठ्यापाशी थांबते आणि मागच्या कॅरिअरला बांधलेला, लहानशा घागरीएवढा ॲल्युमिनिअमचा कंटेनर खाली उतरतो. घरधनी सकाळपासूनची खबर देतो: पहाटेपासून हंबरत होती, शेजारच्या गाईवर उड्या घेत होती, योनीतून गळणारा सोट काचेसारखा स्वच्छ आहे. आलेला माणूस पदवीधर पशुवैद्यक असो की प्रशिक्षण घेतलेला रेतन सेवक, गावाच्या लेखी तो 'डॉक्टर'च. तो झाकण काढतो. कंटेनरच्या मानेतून पांढरी वाफ सांडते. आतली डबी मानेबाहेर येऊ न देता तो लांब चिमट्याने एक कांडी उचलतो, हलकेच झटकतो आणि थर्मासमधल्या कोमट पाण्यात सोडतो. मनातल्या मनात तीस आकडे. मग कांडी पुसून कोरडी करायची, हाताने चोळून ऊब दिलेल्या गनमध्ये बसवायची, टोक कात्रीने सरळ कापायचं, वर प्लास्टिकचं आवरण चढवायचं. पुढचं काम दोन-तीन मिनिटांचं. ज्या वळूचं हे बीज, तो या तालुक्यात कधी आलेला नसतो. कदाचित तो मरूनही बरीच वर्षं झालेली असतात. गाईच्या मालकाकडे त्याची ओळख म्हणून उरतो तो फक्त एक क्रमांक.

प्रस्तुत संग्रह त्या कांडीबद्दल आहे. पाव मिलिलिटर मावेल एवढी बारीक नळी. सरकारी कागदावर तिचं नाव 'गोठीत रेतमात्रा', गोठ्यात नुसतं 'सीमेन' किंवा 'कांडी'. नवल असं की, महाराष्ट्रातल्या दुधाची गेल्या अर्धशतकाची कहाणी सांगताना आपण डेअऱ्या, दूध संघ, दरवाढीची आंदोलनं, दुधाचे टँकर या सगळ्यांबद्दल लिहिलं. ज्या गाईंच्या जिवावर हे उभं राहिलं त्या जन्मल्या कशा, याबद्दल मराठीत खात्याच्या पुस्तिका आणि 'माज कसा ओळखावा' छापाचे लेख यांपलीकडे फारसं काही वाचायला मिळत नाही. विषय ओशाळवाणा वाटतो हे एक कारण असावं. दुसरं असं की, यात जीवशास्त्र, थंडी तयार करण्याचं तंत्र, अनुवंशाचं गणित आणि गावचं राजकारण असं सगळं एकत्र येतं, आणि चारही बाजू जाणणारा माणूस सहसा एक नसतो. म्हणूनच हे पुस्तक एकाने लिहिलेलं नाही.

विषयाला नवख्या वाचकासाठी आधी एक अडचण समजून घ्यायला हवी. वीर्य शरीराबाहेर आलं की घड्याळ सुरू होतं. सामान्य तापमानाला काही तास, बर्फात नीट ठेवलं तर दोन-तीन दिवस. कृत्रिम रेतनाच्या पहिल्या दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे या घड्याळाशी घातलेली झटापट आहे.

इटलीचे पाद्री-शास्त्रज्ञ लाझारो स्पालान्झानी यांनी १७८० मध्ये एका कुत्रीला पिचकारीने वीर्य दिलं आणि ६२ दिवसांनी तिला तीन पिल्लं झाली. बर्फाच्या थंडीत शुक्रजंतू निपचित पडतात आणि ऊब मिळताच पुन्हा हलू लागतात, हेही त्यांनीच पाहिलं. पण त्यातून धंदा उभा राहायला विसावं शतक उजाडावं लागलं. रशियात इल्या इव्हानोव्ह यांनी घोड्यांवर आणि मग इतर जनावरांवर हे तंत्र मोठ्या प्रमाणात वापरलं. १९३६ मध्ये डेन्मार्कच्या साम्सो बेटावर शेतकऱ्यांनी कृत्रिम रेतनाची पहिली सहकारी संस्था काढली. सहकार आणि दूध यांची जोडी महाराष्ट्राला नवी नाही, पण दुधाच्या आधी वळूच सहकारी करून टाकायचा ही डॅनिश चाल मात्र अस्सल. त्यामागचे एडुआर्ड सॉरेन्सन यांनाच कांडीचं श्रेय जातं. लेकीच्या वाढदिवसाला मुलं नळीने सरबत पिताना पाहून त्यांना वीर्यासाठी अशी नळी सुचली, अशी हकिकत सांगतात.

तिकडे अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये फिलिप्स आणि लार्डी यांनी १९३९-४० च्या सुमारास कोंबडीच्या अंड्यातला पिवळा बलक वीर्यात मिसळला आणि थंडीच्या झटक्याने मरणारे शुक्रजंतू तग धरू लागले. आज आठ दशकांनंतरही जगातल्या कितीतरी प्रयोगशाळांची सकाळ अंडी फोडूनच सुरू होते. इतकी यंत्रं आली, पण बलकाला गावठी म्हणून कुणी बाजूला सारू शकलं नाही. सोयाबीनच्या लेसिथिनवर आधारलेली द्रावणं बाजारात आहेत, रोगजंतूंच्या भीतीने त्यांना मागणीही आहे. तरी बलकवाले आणि सोयावाले हा वाद अजून चालूच आहे.

खरा दरवाजा उघडला तो चुकून. लंडनच्या मिल हिल इथल्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत ॲलन पार्क्स यांच्या हाताखाली क्रिस्तोफर पोल्ज आणि ऑड्री स्मिथ कोंबड्याचं वीर्य गोठवायचा प्रयत्न करत होते. फळसाखरेचं द्रावण वापरून हाती काही लागेना. काही महिन्यांनी पोल्ज यांनी शीतगृहात ठेवलेल्या त्याच जुन्या बाटलीतून पुन्हा प्रयोग केला, आणि गोठून वितळलेले शुक्रजंतू चक्क हलू लागले. नवं द्रावण करून पाहिलं तर सगळे मेलेले. जुन्या बाटलीतला उरलेला थेंब-थेंब जपून रसायनशास्त्रज्ञाकडे पाठवला, तेव्हा कळलं की त्यात साखर नव्हतीच. लेबलांची अदलाबदल झाली होती. आत होतं ते काचपट्टीवर पेशींचे काप चिकटवायला वापरतात ते ग्लिसरॉल आणि अंड्यातल्या पांढऱ्याचं मिश्रण. १९४९ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांचा छोटासा लेख आला. दोन वर्षांनी इंग्लंडमध्ये गोठवलेल्या वीर्यापासून वासरू जन्मल्याची नोंद झाली, आणि चिलटाएवढ्या त्या चुकीने जगभरच्या गोठ्यांचा नकाशा बदलायला घेतला.

गमतीचा भाग असा की, ज्या कोंबड्याच्या वीर्यावर हा शोध लागला त्यालाच त्याचा पुरता लाभ झाला नाही. कोंबडीच्या अंडनलिकेत ग्लिसरॉल गेलं की फलन होत नाही. वापरण्याआधी ते काढून टाकावं लागतं. गाईला मात्र ते बिनतक्रार चालतं.

ग्लिसरॉल नेमकं करतं काय? पाणी गोठताना त्याचे स्फटिक होतात. पेशी फार जलद गोठवली तर बर्फ पेशीच्या आतच होतो आणि तिचं पटल फाटतं. फार सावकाश गोठवली तर बर्फ बाहेर होतो, बाहेरचं उरलेलं पाणी अधिकाधिक खारट होत जातं आणि पेशी आतून शोषून वाळते. दोन्हीकडून मरणच. पीटर मेझूर यांनी १९७२ मध्ये या दोन धोक्यांचा मेळ एका सिद्धांतात घातला: प्रत्येक पेशीची स्वतःची एक वेगमर्यादा असते, आणि तिच्या अलीकडे-पलीकडे गेलात की नुकसान. ग्लिसरॉल पाण्याला स्फटिक होण्यापासून अडवतं, खारटपणा सौम्य करतं आणि ही मर्यादा जरा सैल करतं. पाकात साखर बसू नये म्हणून लिंबू पिळणाऱ्या घरात हे समजायला जड जाऊ नये, जरी रसायन वेगळं असलं तरी.

एकदा उणे १३० अंशांच्या खाली गेलं की बाब वेगळी होते. तिथे पाणी काचेसारखं थिजतं, रेणूंची हालचाल आणि रासायनिक क्रिया जवळपास थांबतात. द्रव नायट्रोजनचं तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस. तिथे वय वाढत नाही. याचा सर्वांत बोलका पुरावा ऑस्ट्रेलियात आहे. सिडनी विद्यापीठात स्टीव्ह सॅलमन यांनी १९६८ मध्ये मेरिनो मेंढ्यांच्या नरांचं वीर्य गोळ्यांच्या रूपात गोठवून ठेवलं होतं. पन्नास वर्षांनी ते ५६ मेंढ्यांना दिलं. ३४ गाभण राहिल्या. म्हणजे ६१ टक्के. हे प्रमाण वर्षभरापूर्वी गोठवलेल्या ताज्या साठ्याच्या जोडीला बसतं.

गोळ्या म्हटल्यावर गोठवण्याच्या घराण्यांबद्दल बोलायलाच हवं. सुरुवातीला वीर्य काचेच्या कुपीत भरून, कुपी ज्योतीवर बंद करून, कोरडा बर्फ आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात उणे ७९ अंशांवर ठेवत. जागा खूप जाई, कुप्या फुटत, आणि त्या तापमानाला वीर्य वर्षानुवर्षं टिकतही नसे. पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत रॉकफेलर प्रेंटिस यांच्या कंपनीने द्रव नायट्रोजन साठवणाऱ्या भांड्यांसाठी पैसा ओतला आणि कोरडा बर्फ मागे पडला. भांड्याचं तत्त्व जुनंच: जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये केलेला दुहेरी भिंतीचा निर्वात फ्लास्क, म्हणजे आपला चहाचा थर्मासच. जपानमध्ये नागासे यांनी साठीच्या दशकात कोरड्या बर्फाच्या लादीला खळगे पाडून त्यांत वीर्याचे थेंब टाकले, की झाल्या गोळ्या. स्वस्त, झटपट, पण गोळीवर नाव लिहिता येत नाही, हा मोठाच दोष. फ्रान्समध्ये रॉबेर कासू यांनी डॅनिश नळीला प्लास्टिकचं रूप दिलं, आणि त्यांची बारीक नळी जिंकली. का जिंकली ते हातात घेतल्यावर कळतं. एका टोकाला कापसाचे दोन बोळे आणि मधे पांढरी पूड. वीर्य ओढलं की पूड ओली होते, चिकट जेलीसारखी फुगते आणि बूच आपोआप बसतं. दुसरं टोक यंत्राने दाबून बंद. अंगावर वळूचा क्रमांक, जात, केंद्राचं नाव, तारीख. नळी बारीक असल्याने थंडी आणि ऊब दोन्ही झटकन आतपर्यंत पोचतात. हीच ती भारतभर वापरली जाणारी पाव मिलिलिटरची फ्रेंच मिनी कांडी.

न गोठवणाऱ्यांचंही एक घराणं आहे, आणि त्याला कमी लेखणं चुकीचं ठरेल. न्यूझीलंडमध्ये बहुतेक गाई एकाच हंगामात माजावर येतात, तेव्हा तिथे गोठवण्यात निम्मे शुक्रजंतू गमावण्यापेक्षा ताजं वीर्य खास द्रावणात काही दिवस टिकवून वापरतात. मात्रेला शुक्रजंतूही कितीतरी कमी लागतात. डुकरांचं वीर्य गोठवणं अवघड, म्हणून जगभरच्या वराहपालनात ते सतरा अंशांच्या आसपास ठेवून काही दिवसांत वापरून टाकतात. बोकडाच्या वीर्यात अंड्याच्या बलकाला साकळवून टाकणारं विकर असतं. एकतर वीर्य धुऊन घ्या, नाहीतर बलक कमी करा. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने शेळ्यांच्या गोठीत वीर्यावर केलेलं काम या कठीण वाटेवरचं आहे. मेंढीची गर्भाशयग्रीवा तर इतकी वाकडीतिकडी की गोठीत वीर्य वापरायचं तर बहुतेक वेळा पोटातून दुर्बीण घालावी लागते. गाय हे या सगळ्यांत सरळमार्गी जनावर, आणि म्हणूनच या पुस्तकात तिची पानं जास्त आहेत. म्हशीच्या वाट्याला कमी पानं आली, हा संपादकांवर आक्षेप घेता येईल. म्हशीचे शुक्रजंतू गोठवण्यात अधिक नाजूक, तिचा माज उन्हाळ्यात मुका, आणि तरीही देशाच्या दुधात तिचा वाटा जवळपास निम्मा. कोल्हापुरात गंगावेशीत म्हैस समोर उभी करून पेल्यात धार काढून देतात, त्या पेल्यातलं दूध पंढरपुरी म्हशीचं असेल तर तिच्या वंशाबद्दल एक अख्खं प्रकरण हवंच होतं.

भारतात या तंत्राची पावलं दिसतात ती १९३९ पासून. म्हैसूरच्या राजवाड्याच्या डेअरी फार्मवर संपत कुमारन यांनी हळ्ळीकार गाईंना कृत्रिम रेतन केलं. १९४२ मध्ये इज्जतनगरच्या पशुवैद्यकीय संस्थेत अभ्यास सुरू झाला आणि १९४३ मध्ये अलाहाबादच्या कृषी संस्थेत कृत्रिम रेतनातून म्हशीचं पहिलं पारडू जन्मलं. पहिल्या पंचवार्षिक योजनेतल्या केंद्रग्राम योजनेत बर्फाच्या थर्मासमधून थंड केलेलं वीर्य सायकलवर गावोगाव जाई. पण गाय माजावर आली ती आज, आणि थर्मासमधलं वीर्य परवाचं, अशी गाठ पडायची. हे कोडं सुटायला गोठीत वीर्यच हवं होतं. डेन्मार्कच्या मदतीने बंगळुरूजवळ हेसरघट्टा इथे १९६९ मध्ये केंद्र सरकारची गोठीत वीर्य निर्मिती आणि प्रशिक्षण संस्था आली. केरळात मट्टुपेट्टीला स्विस मदतीने काम चालू होतंच.

महाराष्ट्रात या गोष्टीचा धागा उरुळीकांचनला जातो. १९४६ मध्ये गांधीजींनी तिथे निसर्गोपचार आश्रम काढला आणि तरुण मणिभाई देसाईंना मागे ठेवलं. आश्रमाची गोशाळा सांभाळता सांभाळता मणिभाई पशुपैदाशीकडे वळले आणि १९६७ मध्ये 'बाएफ' ही संस्था उभी राहिली. त्यांचं वेगळेपण प्रयोगशाळेत नव्हतं. गाय दवाखान्यात न्यायची नाही, दवाखाना गोठ्यात न्यायचा, हे ते ठरवून करत राहिले. माजावर आलेली गाय दोन-चार कोस चालवली की ती दमते, तिच्या मालकाची मजुरी बुडते, आणि पोचेपर्यंत वेळही टळून जाते. हे ज्याला कळलं त्याने मोटरसायकल आणि कंटेनर ही जोडी जमवली. १९८२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आणखी एक स्थानिक धागा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: देशभर हिंडणारे यातले कितीतरी कंटेनर नाशिकच्या कारखान्यात तयार झाले. द्राक्षांच्या आणि कुंभमेळ्याच्या गावाची ही तिसरी ओळख.

संकरीकरणाचा वादही याच काळातला. होल्स्टिन फ्रिजियन आणि जर्सी वळूंचं गोठीत वीर्य आलं, गावठी गाईंच्या पोटी दहा-पंधरा लिटर देणाऱ्या कालवडी जन्मल्या, पश्चिम महाराष्ट्रात घरटी गोठ्यांचं अर्थकारण बदललं. त्याच वेळी संकरित गोऱ्ह्यांना शेतात काम जमेना, उन्हात ते धापा टाकत. खिलार, देवणी, लाल कंधारी, डांगी, गवळाऊ या जातींच्या गाई मात्र कमी होत गेल्या. एका बाजूचे म्हणतात, दूध नसतं तर या गाई तशाही कसायाकडेच गेल्या असत्या. दुसरी बाजू म्हणते, दुष्काळात टिकणारं जनावर आपण स्वस्तात घालवलं. या पुस्तकात दोन्ही बाजूंचे लेखक आहेत आणि त्यांनी एकमेकांना पाहून न लिहिलेलं बरं, असं वाचताना दोन-तीनदा वाटतं. प्रस्तावनाकाराचा कौल असा की, गोठवण्याच्या तंत्राचा यात दोष नाही. डबीत कोणता वळू ठेवायचा हे कुणीतरी ठरवलं, आणि ठरवताना दूध सोडून दुसरं मोजमाप जवळ नव्हतं.

खरा बदल इथे आहे. पूर्वी वळू गावाचा होता. कुणाच्या अकराव्याला वृषोत्सर्ग करून सोडलेला पोळ गावभर चरे, कुणाच्या शेतात घुसला तरी त्याला देवाचा म्हणून सोडून देत. उमेश कुलकर्णींच्या 'वळू' (२००८) चित्रपटात गाव त्याच्यामागे कसं धावतं, हे मराठी प्रेक्षकांनी पाहिलेलं आहे. त्या वळूची निवड चांगली होती असं नाही. बहुतेकदा ती निवड नव्हतीच. पण चूक झाली तर ती पाच-पन्नास वासरांपुरती. गोठीत वीर्याने ती मर्यादा काढून टाकली. एका वेळच्या वीर्यातून दोन-तीनशे कांड्या होतात, आठवड्यातून दोनदा वीर्य घेतात. चांगला वळू आयुष्यात लाखो कांड्या देतो. अमेरिकेतल्या टॉयस्टोरी या होल्स्टिन वळूच्या २४ लाखांहून अधिक कांड्या पन्नासेक देशांत गेल्या. तो २०१४ मध्ये मेला. त्याच्या बऱ्याच पिढ्या आधीच्या 'चीफ' या १९६२ मध्ये जन्मलेल्या वळूची गोष्ट उलटी: दुधासाठी त्याचा वंश जगभर पसरला, आणि त्याच्यासोबत एक लपलेला जनुकदोषही. तो आईबाप दोघांकडून आला की गर्भ पोटातच मरतो. २०१६ मध्ये संशोधकांनी अंदाज मांडला की यामुळे जगात सुमारे सव्वापाच लाख गर्भपात झाले. दोष एका वळूचा. पण तो सापडायला अर्धं शतक गेलं, कारण गाय उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली, की दोष नेहमी गाईला, खाद्याला किंवा डॉक्टरला दिला जातो.

गोठवण्यानेच या प्रश्नाचं निम्मं उत्तरही दिलं आहे. वळूची खरी परीक्षा त्याच्या लेकी दूध देऊ लागल्यावर होते, आणि त्याला पाच-सात वर्षं लागतात. तोवर त्याचं वीर्य डबीत थांबून राहू शकतं. आता जनुकांचा नकाशा पाहून वासरू असतानाच अंदाज बांधता येतो. भारतात गाई-म्हशींसाठी बनवलेल्या 'गोचिप' आणि 'महिषचिप' यांचं उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिम इथे झालं, आणि त्याच कार्यक्रमात लिंगनिश्चित वीर्याचं देशी तंत्रही सादर झालं.

या शेवटच्या तंत्राने महाराष्ट्रातल्या गोठ्यात जेवढी चर्चा उठवली तेवढी आधी कशाने उठली नसेल. मादी घडवणाऱ्या शुक्रजंतूत नर घडवणाऱ्यापेक्षा डीएनए सुमारे ३.८ टक्के जास्त असतो. रंग देऊन लेझरसमोरून एकेक शुक्रजंतू सोडला की मादी घडवणारा जास्त चमकतो, आणि यंत्र तो वेगळा काढतं. लॉरेन्स जॉन्सन यांनी अमेरिकेत बेल्ट्सव्हिल इथे १९८९ मध्ये सशांवर हे सिद्ध केलं. शंभरातल्या नव्वद कालवडी हव्यात ही शेतकऱ्याची इच्छा समजण्यासारखी आहे. ट्रॅक्टर आला, बैल मागे पडला. २०१५ पासून राज्यात गोवंश हत्याबंदी कडक झाली. मग संकरित गोऱ्ह्याचं करायचं काय, हे बोलून दाखवायला कुणी तयार नाही. भटक्या खोंडांचे कळप हा त्याचा पुरावा रस्त्यांवर उभा आहे. पण लिंगनिश्चित कांडीत शुक्रजंतू नेहमीच्या दोन कोटींऐवजी फार थोडे असतात, आणि यंत्रातून गेल्यामुळे ते दमलेले असतात. गाभण राहण्याचं प्रमाण घटतं. ज्या कालवडीचा माज अचूक ओळखला जातो तिथेच ही महाग कांडी वसूल होते. देशी तंत्रामुळे मात्रेमागे सुमारे २०० रुपये वाचतील असं वाशिमला सांगितलं गेलं. त्यातला अनुभव गोळा व्हायला अजून काही वेतं जावी लागतील.

विषय आत्ताच मांडायला हवा होता याची आणखी कारणं आहेत. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात १९ कोटींहून अधिक गाई-बैल आणि जवळपास ११ कोटी म्हशी मोजल्या गेल्या. पैदासक्षम जनावरांपैकी कृत्रिम रेतन होतं ते ढोबळमानाने एक तृतीयांशाला. उरलेल्यांसाठी अजून वळूच. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाची मोठी साथ आली. या रोगाचा विषाणू वीर्यातून बाहेर पडू शकतो, त्यामुळे वीर्य केंद्रातल्या वळूंना बाहेरच्या जगापासून दूर ठेवण्याचे नियम आता केवळ कागदावर ठेवून चालत नाही. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी क्रमांक आणि कांडीवरचा वळूचा क्रमांक एकाच नोंदीत आले, तर एखाद्या वळूच्या लेकी कुठे, कशा दूध देतात हे गावातूनही पाहता येईल. नोंद झालीच नाही, तर सगळं पुन्हा अंदाजावर. आणि बैलगाडा शर्यतींना मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिल्यापासून खिलार वळूंची किंमत आणि प्रतिष्ठा दोन्ही वाढली आहेत. तिथे मालक अजूनही गाय वळूकडेच आणायला सांगतात, कांडीवर विश्वास ठेवत नाहीत. त्यांचा हट्ट आडमुठेपणाचा आहे की शहाणपणाचा, यावर संग्रहातला एक दीर्घ लेख वाचकाला विचारात पाडेल.

संग्रहाचा हेतू मर्यादित आहे. यातून कुणाला रेतन करायला शिकता येणार नाही. ते हात घालूनच शिकावं लागतं, आणि काही हजार गाई झाल्याशिवाय बोटांना गर्भाशयग्रीवा 'दिसत' नाही. प्रयोगशाळेची कृतीही यात पायरीवार दिलेली नाही. लेखकांनी एकाच साखळीच्या निरनिराळ्या कड्या धरल्या आहेत: वळूची निवड, कृत्रिम योनीतलं बेचाळीस ते पंचेचाळीस अंशांचं पाणी, पाच अंशांवरची चार तासांची विश्रांती, नायट्रोजनची वाफ, जिल्ह्याचा साठा, मोटरसायकल, शेवटी गाईचा माज. कोणत्या कडीवर साखळी तुटते याबद्दल त्यांचं एकमत नाही. केंद्रातल्या मंडळींना वाटतं गावात हाताळणी वाईट आहे. गावातल्यांना वाटतं माल वाईट येतो. कांडी वितळवल्यावर निम्मे तरी शुक्रजंतू हलते हवेत असा देशातल्या केंद्रांसाठी नियम आहे. गोठ्यात मात्र शंभर गाईंमागे पस्तीस-चाळीस गाभण राहतात. मधल्या वाटेवर काय होतं याचा शोध दोन्हीकडच्यांनी आपापल्या बाजूने घेतला आहे, आणि तो वाचताना भांडण ऐकल्याची मजा येते.

एक साधी गोष्ट मात्र जवळपास प्रत्येकाने सांगितली आहे. नायट्रोजन दिसत नाही, उडून जातो, आणि कंटेनरची मान काळोखी असते. म्हणून काळ्या पट्टीचं टोक तळापर्यंत बुडवायचं, दहा सेकंद धरायचं, बाहेर काढून हवेत दोनदा हलवायचं. जिथवर द्रव होता तिथवर पट्टीवर पांढरं दव बसतं. रोज सकाळी, कामावर निघण्याआधी. ज्या आठवड्यात नायट्रोजनची गाडी येत नाही त्या आठवड्यात ती पांढरी रेघ रोज थोडी खाली सरकते, आणि पट्टी धरणाऱ्याला आतल्या किती वळूंचे दिवस उरले आहेत ते त्या रेघेवरूनच मोजावं लागतं.